‘व्यसन लागणे’ आणि ‘व्यसन करणे’ : अफूवर्गीय व्यसनांची शब्दकळा, त्यांमागील सामाजिक शक्ती आणि समाजकार्य

१. विषयप्रवेश

लासूर स्टेशन हे नाव उच्चारताना त्यातील दुसरा शब्द परका आहे याचे भान आज कोणासही राहिलेले नाही. शिवना नदीकाठचे मूळ लासूर निराळे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या थांब्याभोवती जी वखार, जी पेठ आणि जी वस्ती वाढली, तिला त्या थांब्याचेच नाव चिकटले. दूरच्या व्यापाराने आणि सत्तेने आखलेला मार्ग गावाच्या भाषेत असा कायमचा मुक्कामाला येतो. प्रस्तुत लेखाचा विषय अफू आणि तीपासून निघणारी द्रव्ये हा असला, तरी त्याचे सूत्र हेच आहे.

या पेठेत प्रस्तुत लेखक काही वर्षे बोलीतील शब्दांची टिपणे करीत आला आहे. त्यात नशेविषयीचे शब्द मुद्दाम गोळा करण्याचा हेतू नव्हता. ते आपोआप साठत गेले. एका वृद्ध बाईने आपल्या आईच्या काळाविषयी बोलताना सांगितले, “लेकरू निजलं तरच खुरपणं व्हायाचं. मग मोहरीएवढी अफू द्यायची.” पानाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या एका तरुणाने ‘बटन’ या शब्दाचा अर्थ हसत हसत समजावून दिला. आणि एका सायंकाळी एक गृहस्थ टिपणवही पाहून जवळ आले व म्हणाले, “सर, तुम्ही शब्द लिहून घेता. आमच्या पोराला नाद लागला, त्याला लोक गर्दुल्ला म्हणतात. हा शब्द लिहून घ्या, पण त्याला कुठं न्यावं तेही सांगा.” या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकापाशी त्या वेळी नव्हते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने समाजकार्याच्या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे कारण एवढेच आहे.

त्या गृहस्थांच्या वाक्यांत दोन निरनिराळ्या रचना आहेत. ‘पोराला नाद लागला’ ही एक, आणि ‘त्याला गर्दुल्ला म्हणतात’ ही दुसरी. पहिलीत मुलावर काही ओढवले आहे; दुसरीत मुलगाच ते झाला आहे. या दोन रचनांमधील अंतर म्हणजेच व्यसनाकडे पाहण्याच्या दोन दृष्टींमधील अंतर होय.

२. एका झाडाची अनेक नावे

‘अफू’ हा शब्द मूळचा आपला नाही. ग्रीक भाषेत ‘ओपोस्’ म्हणजे रस. त्यापासून ‘ओपिऑन’ हे रूप झाले. ते अरबीत ‘अफ्यून’ होऊन फारसीच्या वाटेने भारतीय भाषांत आले आणि मराठीत अफू, अफीण अशी रूपे रूढ झाली. संस्कृतातील ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हा शब्द या परक्या नावाला आपला अर्थ जोडण्याच्या प्रयत्नातून घडलेला आहे. लोकांनी या द्रव्यात विष ओळखले होते, याची मात्र ती चांगली साक्ष आहे.

त्याच झाडाचे दुसरे नाव ‘खसखस’. अनारशांवर लावावयाचे हे बी निरुपद्रवी अन्न आहे. त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिली असता जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू होते. एका नावाने ते स्वयंपाकघरात आहे, दुसऱ्या नावाने पोलिसांच्या पंचनाम्यात. २०१२ साली बीड जिल्ह्यात परळीच्या परिसरात या पिकाची बेकायदा लागवड उघडकीस आली, तेव्हा खसखस आणि अफू यांतील भेदाची चर्चा गावोगाव झाली. कायद्याच्या दृष्टीने झाड एकच आहे; परवान्यावाचून ते लावताच येत नाही, आणि असा परवाना मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील ठराविक क्षेत्रांपुरताच दिला जात आला आहे.

अफूतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॉर्फिन वेगळे करण्यात आले. त्यावर रासायनिक क्रिया करून १८७४ साली जे द्रव्य तयार झाले, तेच १८९८ पासून एका जर्मन कंपनीने ‘हेरॉइन’ या व्यापारी नावाने खोकल्यावरील औषध म्हणून विकले. पुढे फेंटानिल, ट्रामाडोल अशी सर्वस्वी प्रयोगशाळेत घडलेली द्रव्ये आली. या साऱ्यांना येथे ‘अफूवर्गीय द्रव्ये’ म्हटले आहे. वेदना शमविणे हा त्यांचा गुण, आणि श्वसन मंदावणे हा त्यांचा धोका. सतत घेतल्याने शरीर त्यांना सरावते व मात्रा वाढत जाते. ती न मिळाल्यास अंगदुखी, उलट्या, जुलाब, अनिद्रा असा त्रास सुरू होतो. मुंबईच्या बोलीत या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी वाक्प्रचाराचा तुकडा आहे. पण मराठीत आल्यावर तो लगेच आपल्या व्याकरणात बसला. टर्कीही ‘लागते’.

३. ‘अमल’ : सत्तेचा आणि नशेचा

मोल्सवर्थच्या कोशात ‘अमल’ या अरबी शब्दाखाली राज्यसत्ता हा अर्थ आहे, आणि मादक पदार्थाचा शरीरावरील प्रभाव हाही अर्थ आहे. अमलदार आणि अमली पदार्थ हे शब्द सख्खे भाऊ आहेत. अफूच्या इतिहासात हे भावंडपण केवळ शब्दापुरते राहिलेले नाही.

माळव्यातील अफू संस्थानी मुलखात पिकत असे. त्यामुळे बंगालप्रमाणे तिच्यावर मक्ता बसविणे ईस्ट इंडिया कंपनीला साधले नाही. तेव्हा मुंबई बंदरातून ती चीनकडे नेऊ द्यावी व दर पेटीमागे परवान्याचा कर घ्यावा, अशी व्यवस्था १८३० च्या सुमारास करण्यात आली. हा कर १८३५ साली पेटीमागे १२५ रुपये होता. १८४३ मध्ये सिंध कंपनीच्या ताब्यात गेला आणि कराचीमार्गे दमणला जाणारी चोरवाट बंद झाली. त्यानंतर कर वाढत जाऊन १८४७ मध्ये ४०० रुपयांवर पोहोचला. मुंबईतील अनेक मोठ्या पेढ्यांची भरभराट या व्यापारावर झाली. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांतील अग्रगण्य व्यापारी होत; त्यांच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ पासून मुंबईच्या गोरगरिबांची सेवा करीत आहे. चीनमधील व्यसन आणि मुंबईतील दानधर्म एकाच पैशाच्या दोन टोकांना होते, हे नमूद केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

१८३९ ते १८४२ या काळातील पहिल्या अफूयुद्धाने चीनवर हा व्यापार लादला. पुढे इंग्लंडात त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. तीत पुण्याच्या सुंदराबाई पवार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन व्याख्याने दिली आणि अफूमुळे घर कसे मोडते ही हिंदी स्त्रियांची कैफियत मांडली. १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगाने मात्र १८९५ च्या अहवालात, हिंदुस्थानात अफूबंदीची आवश्यकता नाही, असाच निष्कर्ष काढला. तिजोरीचा अमल नशेच्या अमलावर अवलंबून होता, हे त्यामागील एक प्रबळ कारण होय.

४. बाळगोळी

या इतिहासाचे सर्वांत लहान बळी पाळण्यात होते. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये बहुसंख्य कोकण आणि घाटावरील मराठी स्त्रिया होत्या. दिवसभर यंत्रावर उभे राहावयाचे तर तान्हे मूल निजले पाहिजे. त्यासाठी त्याला अफूची गोळी देत. तिला ‘बाळगोळी’ असे नाव होते. १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांकडून गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करविली. तीत शंभरांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असे आढळले. हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीविषयीच्या शाही आयोगानेही १९३१ च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली.

बाळगोळीच्या प्रसंगी दोष कोणाचा, हा प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो. ‘आईने मुलाला अफू का दिली?’ असे विचारले की उत्तर अज्ञान असे येते आणि उपाय उपदेश हा ठरतो. ‘दिवसभर मूल कोणाजवळ राहत असे?’ असे विचारले की उत्तर ‘कोणाजवळच नाही’ असे येते आणि उपाय पाळणाघर हा ठरतो. ज्या गिरण्यांनी पाळणाघरे काढली, तेथील कार्यकर्त्यांना पहिला लढा आयांच्या अविश्वासाशी द्यावा लागला. परंतु तो विश्वास मिळविणे हे काम होते, निंदा करणे हे काम नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचे कलम आले. मुंबईत १९३६ साली टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने देशातील समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले, तेही याच गिरणीनगरीत. हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

लासूर स्टेशनच्या वृद्ध बाईचे वाक्य या प्रकाशात पुन्हा वाचावे. ‘लेकरू निजलं तरच खुरपणं व्हायाचं’ या वाक्यात ‘तरच’ या अव्ययाने सारे समाजशास्त्र सांगून टाकले आहे. गिरणी असो वा रान, मजुरी आणि मातृत्व यांच्यामध्ये जी पोकळी होती, ती अफूने भरली.

५. गर्द आणि गर्दुल्ला

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत औषधेतर अफूविक्री थांबविण्याचे ठरविले. जुन्या अफूबाजांची नोंद करून त्यांना परवान्यावर मर्यादित अफू देण्याची पद्धत होती. अफूबाज हा गावात राहत असे, ओळखीचा असे. त्याची टिंगल होई, पण त्याला गावाबाहेर काढीत नसत.

१९८० नंतर चित्र पालटले. १९७९ या एका वर्षात इराणमध्ये क्रांती झाली, पाकिस्तानात मादक द्रव्यांवर कडक बंदी आली आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरले. त्या प्रदेशातील अफूचे हेरॉइन होऊन ते नव्या वाटांनी बाहेर पडू लागले. त्यांपैकी एक वाट मुंबईतून जात होती. अशुद्ध, तपकिरी हेरॉइन ‘ब्राऊन शुगर’ या नावाने मुंबईच्या गल्ल्यांत आले, आणि मराठीने त्याला ‘गर्द’ हे नाव दिले. फारसीत गर्द म्हणजे धूळ. मराठीत ‘गर्द झाडी’ म्हणताना दाट काळोखाची छटा त्यात आधीच होती. ती नव्या अर्थालाही चिकटली.

त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा काम मिळाले नाही. संपामुळे गर्द पसरली असे सरळ विधान करणे शास्त्रीय होणार नाही. परंतु जेथे बापाचा रोजगार गेला, मुलापुढे उद्योग उरला नाही, आणि त्याच नाक्यावर हे द्रव्य स्वस्तात मिळू लागले, तेथे या तीन गोष्टींचा संबंध नाकारणे हेही शास्त्रीय होणार नाही.

‘गर्दुल्ला’ हा शब्द याच काळातला. ‘अफूबाज’ या शब्दात ‘बाज’ हा फारसी प्रत्यय आवड वा सवय सुचवितो. ‘गर्दुल्ला’ या शब्दात तिरस्काराखेरीज दुसरे काही उरलेले नाही. शब्द बदलला तसे माणसाचे स्थानही बदलले. १९८५ साली अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा आला; त्याच्या २७ व्या कलमान्वये सेवन हाही गुन्हा ठरला. त्याच कायद्यात पुढे ६४-अ हे कलम आले. व्यसनग्रस्ताने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू नये, अशी त्यात तरतूद आहे. पहिले कलम सर्वांस ठाऊक असते. दुसरे कुटुंबांना सांगावे लागते. ते सांगणे हे समाजकार्यकर्त्याचे काम होय.

या कायद्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. भारतातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ साली ७१६ किलो होता. तो १९९७ मध्ये १८ किलोवर आला. परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले, आणि कर्करोगाच्या रुग्णांना वेदनेतच मरावे लागले. २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण पुष्कळशी दूर केली. म्हणजे द्रव्य एकच. कोणास ते मिळू नये म्हणून झटावे लागते, तर कोणास ते मिळावे म्हणून. ‘अफू वाईट’ या दोन शब्दांच्या वाक्याने हा प्रश्न सुटत नाही.

६. गोळी आणि बाटली

आजचा टप्पा औषधाच्या दुकानातला आहे. अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी, तिची सवय क्वचितच लागते असा भरवसा देऊन, डॉक्टरांमार्फत मोठ्या प्रमाणावर खपविण्यात आली. तिच्या निर्मात्यांवरील खटल्यांत २००७ आणि पुन्हा २०२० साली गुन्ह्याची कबुली देण्यात आली. ज्या भागांत खाणी आणि कारखाने बंद पडले होते, तेथे तिचा प्रादुर्भाव तीव्र होता. गोळी महाग व दुर्मिळ झाली तेव्हा लोक हेरॉइनकडे आणि पुढे फेंटानिलकडे वळले. २०२२ या वर्षी त्या देशात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू अफूवर्गीय द्रव्यांशी संबंधित होते. त्यानंतर हा आकडा खाली येऊ लागला आहे.

ही गोष्ट दूरची वाटेल. परंतु दुवा आपल्या दारातही आहे. भारतात बनलेल्या ट्रामाडोलच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत व्यसनाचे साधन झाल्या. २०१८ मध्ये भारताने ते द्रव्य अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. मग तिची जागा टॅपेन्टाडोल आणि कॅरिसोप्रोडोल यांच्या मिश्रणाने घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या शोधातून असे उघड झाले की, मुंबईतील एका कंपनीच्या अशा गोळ्या घाना, नायजेरिया आदी देशांतील रस्त्यांवर विकल्या जात होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात यांवर बंदी घातली. एकोणिसाव्या शतकात मुंबईतून अफूच्या पेट्या पूर्वेकडे जात होत्या. एकविसाव्या शतकात गोळ्यांची खोकी पश्चिमेकडे गेली. चीन आणि घाना येथील कुटुंबांना मुंबई या शब्दाचा जो अर्थ कळला असेल, त्याचाही विचार मराठी अभ्यासकाने करावयास हवा.

आपल्याकडील स्थिती पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के, म्हणजे अदमासे २.२६ कोटी भारतीय अफूवर्गीय द्रव्ये घेतात. त्यांपायी त्रासात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे.

मराठवाड्यात आणि मालेगावकडे ‘बटन’, ‘कुत्ता गोळी’ ही नावे ऐकू येतात. येथे एक भेद काटेकोरपणे करावयास हवा. या नावांनी बहुधा ज्या गोळ्या विकल्या जातात, त्या झोपेच्या वा चिंताशामक औषधांच्या असतात. त्या अफूवर्गीय नव्हेत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध मात्र अफूवर्गीय आहे. बोली या दोहोंना ‘नशेची गोळी-बाटली’ म्हणून एकत्र बांधते; कार्यकर्त्याने ती गाठ सोडविली पाहिजे. कारण झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, आणि त्या अफूवर्गीय द्रव्याबरोबर घेतल्यास श्वास थांबण्याचा धोका वाढतो. शब्द नीट ओळखणे हे येथे जीव वाचविण्याचे साधन होते.

७. समाजकार्याची दिशा

महाराष्ट्रातील या क्षेत्राचा आरंभबिंदू म्हणून पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे पाहिले जाते. अनिल अवचट यांनी गर्दग्रस्तांविषयी लेखन केले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. शरीरातील विष उतरविणे हा तेथील उपचाराचा केवळ पहिला भाग आहे. त्यानंतर समुपदेशन, गटचर्चा, दिनक्रमाची शिस्त, पत्नींचे ‘सहचरी’ मंडळ आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा असा क्रम असतो.

समाजकार्याच्या परिभाषेत व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन असे जे तीन मार्ग सांगतात, ते येथे एकत्र आलेले दिसतात. परंतु ग्रामीण भागात तिसरा मार्ग सर्वांत दुबळा आहे. मुलगा केंद्रातून परततो तो त्याच नाक्यावर, त्याच रिकाम्या दुपारी, त्याच नावाने हाक मारणाऱ्या लोकांत. अशा वेळी पुन्हा घसरण झाली तर ती इच्छाशक्तीची हार समजली जाते. वस्तुतः घसरण हा या आजाराच्या वाटचालीतील ज्ञात टप्पा आहे. काही आठवडे द्रव्यापासून दूर राहिलेल्या शरीराचा सराव उतरलेला असतो; जुनी मात्रा एकदम घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो. ही गोष्ट घरच्यांना उपचारापूर्वीच सांगितली पाहिजे.

ब्युप्रिनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देखरेखीखाली दीर्घकाळ देण्याची पद्धतही भारतात रूढ झाली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुई टोचून नशा करणाऱ्यांसाठी ती २००७-०८ पासून आहे. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. मधुमेही माणूस रोज औषध घेतो त्याला आपण व्यसनी म्हणत नाही, एवढे उत्तर त्यास पुरेसे आहे.

८. उपसंहार

आता आरंभीच्या दोन रचनांकडे परत येऊ. मराठीत भूक लागते, तहान लागते, आग लागते, नोकरी लागते, दृष्ट लागते. तसेच व्यसनही लागते. या साऱ्यांत माणूस ‘ला’ प्रत्ययाने येतो, ‘ने’ प्रत्ययाने येत नाही. तो भोगणारा असतो, कर्ता नसतो. बाहेरचे काहीतरी येऊन त्याला भिडते, हे सत्य या रचनेने सांभाळून ठेवले आहे. त्या बाहेरच्या गोष्टींची नावे आपण वर पाहिली : परवान्याचा कर, गिरणीचा भोंगा, दूरचे युद्ध, बंद पडलेला रोजगार, औषधाचा नफा.

‘तो व्यसन करतो’ या रचनेत माणूस कर्ता होतो आणि त्या साऱ्या शक्ती वाक्याबाहेर जातात. ‘तो गर्दुल्ला आहे’ या रचनेत तर क्रियाही उरत नाही. उरते ती केवळ ओळख. जे लागले ते सुटू शकते. जे आहे ते कसे सुटावे?

येथे एक सावधगिरी हवी. केवळ ‘लागणे’ हीच दृष्टी धरली, तर माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नाला जागा राहत नाही. म्हणून मराठीने ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ ही दोन्ही क्रियापदे ठेवली आहेत. व्यसन सुटण्यासाठी उपचार, रोजगार आणि सोबत यांची आवश्यकता असते. ती व्यवस्था समाजाने करावयाची आहे. व्यसन सोडण्याचा निर्णय मात्र त्या माणसाचा असतो. ‘लागले’ असे म्हणताना आपण दोष काढून घेतो, आणि ‘सोडले’ असे म्हणताना कर्तृत्व परत देतो. समाजकार्याचे सारे शास्त्र या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

त्या गृहस्थांना प्रस्तुत लेखकाने पुढे काही दिवसांनी गाठले. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील मनोविकार विभाग, मुक्तांगण आणि ६४-अ कलमातील संरक्षण एवढी माहिती कागदावर लिहून दिली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “तिथं गेल्यावर काय म्हणून सांगू?” प्रस्तुत लेखकाने सांगितले, “मुलाला व्यसन लागले आहे, असे सांगा. दुसरा शब्द वापरू नका.”